लिव्हरपूल : एका बंदराची चौकशी

मंडळाच्या बैठकीत मी लिव्हरपूलवर लिहिते म्हटलं, तेव्हा पहिली सूचना आली ती अशी, "बीटल्स आणि फुटबॉल सोडून काय ते लिही." बरं झालं. मी त्या शहरात एक वर्ष शिकायला होते, पण फुटबॉलचा एकही सामना पाहिला नाही, आणि बीटल्सची गाणी तिथल्या प्रत्येक दुकानात इतकी वाजतात की दुसऱ्या महिन्यानंतर ती कानात शिरेनाशी होतात. मी तिथे वेगळंच काहीतरी शोधत होते. ते सापडलं का, हे शेवटी सांगते.

आमच्या घराशेजारी एक आंटी राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या दिवाणखान्यात, आल्तारच्या बाजूला, त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. कोट, टाय, केस पाण्याने चापून बसवलेले. ते तारवटी होते, म्हणजे आगबोटीवर कामाला. दुसऱ्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. आंटी तेव्हा इतक्या लहान होत्या की वडील त्यांना आठवतच नाहीत. घरात माहिती काय, तर बोटीच्या नावात 'सिटी' होतं आणि ती लिव्हरपूलहून सुटली होती. मी निघाले त्या दिवशी आंटींनी माझा हात धरून एवढंच म्हटलं, "बाये, थंय पळय गो." त्यामुळे माझं लिव्हरपूल त्या फोटोपासून सुरू होतं.

पण आधी शहर. लिव्हरपूल हे नैसर्गिक बंदर नाही. आपल्याला मुरगाव माहीत आहे, मुंबई माहीत आहे. तिथे समुद्राने आणि खाडीने जागा करून दिली, माणसाने फक्त धक्के बांधले. लिव्हरपूलला मर्सी नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. आपल्याकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणून आपल्याला ह्याची कल्पनाच येत नाही. भरतीला जहाज काठाशी यायचं आणि ओहोटीला चिखलात बसायचं, कधी कलंडायचंही. माल लहान होड्यांतून उतरवावा लागे. जॉन राजाने १२०७ मध्ये गावाला सनद दिली, सात रस्ते आखले गेले, पण त्यानंतर साडेचार-पाचशे वर्षं हे एक मामुली गाव होतं. 'पूल' हे नावातलं अक्षर म्हणजे तिथे आत शिरलेली एक छोटी खाडी. ती आज शोधायला गेलात तर दिसणार नाही, कारण ती बुजवून टाकली आहे.

त्या खाडीच्याच तोंडाशी १७१५ मध्ये थॉमस स्टीअर्स नावाच्या अभियंत्याने एक गोदी बांधली. कल्पना ऐकायला सोपी आहे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, दरवाजे बंद करायचे, आणि बाहेर ओहोटी झाली तरी आत जहाज तरंगतं ठेवायचं. व्यापारी जहाजांसाठी अशी बंदिस्त गोदी जगात आधी कुठेच नव्हती. ज्या कामाला पंधरवडा लागायचा ते दीड-दोन दिवसांत होऊ लागलं. गावाने कर्ज काढून हा जुगार खेळला होता. तो लागला, आणि मग दोनशे वर्षं गोद्या वाढतच गेल्या, नदीकाठाने सात मैलांहून लांब. पहिली गोदी मात्र अपुरी पडली, १८२६ मध्ये बुजवली गेली, तिच्यावर कस्टम हाऊस उभं राहिलं, ते १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं. २००१ मध्ये खोदकाम करताना गोदीच्या विटांच्या भिंती पुन्हा सापडल्या. आता वर मोठा बाजार आहे आणि खाली त्या भिंती. संग्रहालयाची माणसं तिथे घेऊन जातात. मी गेले तेव्हा आमच्याबरोबर एक निवृत्त गोदी कामगार होते. त्यांनी विटेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. काहीच बोलले नाहीत.

गोदी बांधली, पण तीत काय येणार-जाणार? इथे आजूबाजूच्या मुलखाचा विचार करावा लागतो. लिव्हरपूलच्या पाठीमागे चेशायरमध्ये जमिनीखाली मिठाचे खडक आहेत. १६७० मध्ये कोळसा शोधता शोधता ते सापडले. लँकेशायरमध्ये कोळसा आहे. मीठ शिजवून शुद्ध करायला कोळसा लागतो. म्हणून आधी वीव्हर नदी बोटींसाठी खोल केली, मग १७५७ च्या सुमारास कोळशासाठी सँकीचा कालवा काढला. पुढे ह्याच भागाला दूरच्या लिव्हरपूलपासून मँचेस्टरपर्यंतची १८३० ची रेल्वे मिळाली. शहरात एका गोदीचं नाव अजून 'सॉल्टहाऊस डॉक' आहे. हे लिव्हरपूलचं मीठ एकोणिसाव्या शतकात जहाजं भरभरून कलकत्त्याला जायचं. माघारी ताग आणि इतर माल आणायचा तर जाताना बोट रिकामी कशी न्यायची? मीठ हे भरताड. बंगालात समुद्र असून लोक इंग्लंडचं मीठ खात होते!

आपल्या गोव्यातल्या मिठागरांचं काय झालं ते आठवतं ना? १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातल्या मीठ-उत्पादनावर इंग्रजांचा ताबा आला आणि कितीतरी आगरं ओसाड पडली. त्याचा लिव्हरपूलशी थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही. तो मीठ-कराच्या वसुलीचा मामला होता. पण चेशायरच्या मिठाचे ढीग दाखवणारी जुनी चित्रं बघताना मला आगरवाडे आठवले, हेही खरं.

मीठ-कोळशाने शहर उभं राहिलं, श्रीमंत झालं ते मात्र माणसांच्या व्यापाराने. १६९९ मध्ये 'लिव्हरपूल मर्चंट' नावाचं जहाज आफ्रिकेतून २२० माणसं कोंबून बार्बाडोसला गेलं. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद करेपर्यंत लिव्हरपूलच्या जहाजांनी सुमारे पंधरा लाख आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली. अठराव्या शतकाच्या शेवटी ह्या धंद्यात ब्रिटनमध्ये लिव्हरपूलचा हात धरणारं दुसरं बंदर नव्हतं. गंमत (गंमत म्हणायला जीभ वळत नाही) ही की ते गुलाम शहरात फारसे दिसायचेच नाहीत. जहाज इथून कापड, बंदुका, भांडी घेऊन आफ्रिकेला जाई, तिथून माणसं घेऊन वेस्ट इंडिजला, आणि तिथून साखर, तंबाखू, कापूस घेऊन घरी. जाताना नेलेल्या कापडात गुजरातेत आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं कापडही असायचं. आपले विणकर आपल्या मागावर बसून कशाची किंमत विणत होते, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

टाऊन हॉलच्या भिंतीवर वर बघा. दगडात कोरलेले हत्ती, सिंह आणि आफ्रिकी चेहरे आहेत. १७५४ ची इमारत. तेव्हा ही लाजेची नाही, अभिमानाची गोष्ट होती. शहराच्या कौन्सिलने रीतसर माफी मागितली ती १९९९ मध्ये, आणि गुलामगिरीचं संग्रहालय उघडलं २००७ मध्ये. अलीकडे काही रस्त्यांवर पाट्या लावल्यात, हा रस्ता कोणत्या गुलाम-व्यापाऱ्याच्या नावाचा आहे हे सांगणाऱ्या. नावं बदलायची की ठेवून खाली खरं लिहायचं, ह्यावर तिथे वाद चालतो. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. नाव पुसलं की प्रश्न विचारणाराही जातो.

सेंट जॉर्जेस हॉलजवळ ग्लॅडस्टन ह्यांचा पुतळा आहे. चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले, जन्म लिव्हरपूलचाच, १८०९. त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन मोठे व्यापारी, गयानात ऊसमळे. गुलामी संपली तेव्हा सरकारने भरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना! जॉन ग्लॅडस्टनना अडीच हजारांवर गुलामांपोटी एक लाख पौंडांहून जास्त मिळाले. मग मळ्यावर राबणार कोण? त्यांनी कलकत्त्याला पत्र लिहून हिंदी मजूर मागवले. १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ह्या दोन जहाजांतून सुमारे चारशे मजूर गयानाला पोचले. गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम ह्या सगळ्या गिरमिटियांच्या कथेची पहिली ओळ एका लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याच्या पत्रात आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी असून हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

आता कापूस. बेळगाव-धारवाडकडच्या आपल्या वाचकांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, लिव्हरपूलमार्गे येत असे. म्हणजे जहाजातून गुलाम नेणं बंद झालं तरी गुलामांनी वेचलेला कापूस येतच होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि कापूस थांबला. तेव्हा लिव्हरपूलच्या दलालांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. त्यांच्या भाव-पत्रकांत जी नावं छापून येत ती वाचून मी वाचनालयात खुर्चीत सरळ बसले : सुरत, भडोच, धोलेरा, उमरावती म्हणजे आपली अमरावती, धारवाड आणि कुमठा. धारवाडचा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात यायचा, म्हणून त्याला कुमठ्याचं नाव. म्हणजे कारवारच्या खालचं एक लहानसं बंदर लिव्हरपूलच्या बाजारात रोज उच्चारलं जात होतं.

त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पाऊस पडला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअर वर-खाली होऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. तिकडे लँकेशायरमध्ये उलटी कथा. गिरण्या बंद, लाखो कामगार उपाशी. आपला कापूस आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. त्यामुळे त्या मजुरांच्या बोलीत 'सुरत' ह्या शब्दाचा अर्थच 'टाकाऊ माल' असा झाला. आणि लिव्हरपूलचे व्यापारी? त्यांची सहानुभूती बरीचशी गुलाम-मालकांच्या दक्षिणेकडे होती. नदीपलीकडे बर्कनहेडला १८६२ मध्ये दक्षिणेसाठी 'अलाबामा' ही युद्धनौका बांधली गेली. त्या युद्धातली दक्षिणेची शेवटची नौका 'शेननडोआ' नोव्हेंबर १८६५ मध्ये शरण आली तीही लिव्हरपूललाच, मर्सी नदीत.

एकोणिसाव्या शतकातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात आटपते. १८४७ च्या आयरिश दुष्काळात सुमारे तीन लाख भुकेली माणसं एका वर्षात ह्या बंदरात उतरली. तापाची साथ आली, रोग्यांची सेवा करताना दहा कॅथलिक पाद्री गेले. त्याच वर्षी ब्रिटनमधला पहिला शहर आरोग्य अधिकारी, डॉ. डंकन, इथे नेमला गेला. १८३० ते १९३० ह्या शंभर वर्षांत सुमारे नव्वद लाख माणसं इथून अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. आणि किटी विल्किन्सन नावाची एक गरीब बाई १८३२ च्या पटकीत स्वतःच्या घरातला बंब शेजाऱ्यांना कपडे उकळायला देत होती, तिच्यामुळे शहरात सार्वजनिक धुलाईघरं आली. आता हॉलमध्ये तिचाही पुतळा आहे. मला तो ग्लॅडस्टनपेक्षा जास्त आवडला.

असो. मी आंटींच्या वडिलांकडे येते.

मुंबईहून लिव्हरपूलला जाणाऱ्या-येणाऱ्या आगबोटींवर खलाशी आपलेच असायचे. डेकवर बरेचदा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खारवे, इंजिनघरात पंजाबी-पठाण, आणि भटारखान्यात, सलूनमध्ये, पँट्रीत गोंयकार. गावच्या कुडीत, म्हणजे मुंबईतल्या धोबीतलावच्या त्या खोल्यांत, पेटी ठेवायची, बोट मिळेपर्यंत थांबायचं आणि मग दहा-बारा महिने समुद्रावर. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. झोपायची जागासुद्धा कायद्यानेच कमी. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्याबरोबर ह्या खलाशांनी ब्रिटिश बंदरांत बोटीवर चढायला नकार देऊन पगारवाढ मागितली होती. ते सगळे मुकाट सोसत होते असा आपला समज असेल तर तो काढून टाकावा.

१७ सप्टेंबर १९४० ला 'सिटी ऑफ बनारस' बुडाली. लिव्हरपूलहून कॅनडाला नव्वद मुलं घेऊन निघाली होती, बॉम्बपासून वाचवायला. त्यांतली ७७ गेली. ब्रिटनमध्ये ही कथा सर्वांना माहीत आहे. बोटीवर दीडशेच्या वर हिंदी खलाशी होते हे फार जणांना माहीत नाही. एक लाईफबोट आठ दिवसांनी सापडली, तिच्यातली सहा मुलं सगळ्यांना आठवतात. त्याच होडीत उरलेले बहुतेक हिंदी खलाशी होते.

मी पहिल्यांदा शोध केला तो पिअर हेडला, नदीकाठच्या नाविक स्मारकावर. १४०० च्या आसपास नावं. मी दोन थंड दुपारी ओळीने वाचली. मग कळलं की ते स्मारक नौदलाच्या जहाजांवर खास कराराने घेतलेल्या माणसांचं आहे. मग मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. विल्यम ब्राऊन स्ट्रीटवरचं हे ग्रंथालय म्हणजे त्या शहरातली माझी सर्वांत आवडती जागा. १८६० चं, युद्धात जळलेलं, २०१३ मध्ये नव्याने उघडलेलं. पिक्टन वाचनालयाची ती गोल खोली बघायला तरी जावंच. तिकीट नाही, कोणी अडवत नाही. ह्याच इमारतीत शहराचं दप्तरखानं आहे. जुन्या गोर्स डिरेक्टरी म्हणजे कोणत्या रस्त्यावर कोण काय धंदा करत होता त्याच्या याद्या, चर्चची नोंदणीपुस्तकं, नकाशे. पेन्सिल घेऊन बसायचं आणि विचारायचं. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बोट इथून सुटली म्हणून तिची यादी इथे असेलच असं नाही." ही गोष्ट आधी कळली असती तर माझे दोन महिने वाचले असते, म्हणून इथे लिहून ठेवते.

ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या खलाशांच्या याद्या विखुरल्या आहेत. बराच मोठा भाग कॅनडात न्यूफाउंडलंडला आहे. काही वर्षं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. १९१५ च्या याद्या कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात, आपल्यापैकी कोणाच्या पणजोबांचं नाव त्यात असू शकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या याद्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत, पण जहाजाचा अधिकृत क्रमांक माहीत असावा लागतो. 'सिटी' म्हणजे एलरमन कंपनीची बोट, एवढं उमगलं. पण त्यांच्या कित्येक बोटी 'सिटी ऑफ' अशाच नावाच्या.

मग राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी पाहिल्या. ब्रिटिश व्यापारी खलाशांची नावं लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर ब्राँझमध्ये आहेत. त्याच बोटीवर, त्याच रात्री बुडालेल्या हिंदी खलाशांची नावं तिथे नाहीत. ती एका वहीत आहेत, सुमारे सहा हजार, एक प्रत चितगावला आणि एक मुंबईला, मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात. मी हे वाचलं तेव्हा इंग्लंडमध्ये बसले होते आणि हसू आलं. शोधायला सात हजार किलोमीटर आले, आणि वही मुंबईत.

आयोगाच्या यादीत आंटींच्या वडिलांच्या नावाची तीन माणसं निघाली. आडनाव फर्नांडिस, म्हणजे आश्चर्य काहीच नाही. तिघांपैकी दोघे 'सिटी' नावाच्या बोटींवर. एक मे महिन्यात बुडाली, एक नोव्हेंबरात. क्यूला मला एकच दिवस मिळाला आणि एकाच बोटीची यादी पाहता आली. त्या माणसाच्या नावापुढे गाव लिहिलेलं नव्हतं, फक्त 'गोवा'. हुद्दा दुसरा पँट्रीवाला. सही होती, अंगठा नव्हता. मी फोटो काढून आणला.

परत आल्यावर तो आंटींना मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावला, चष्मा काढला. त्यांची आई सांगायची म्हणे की बातमी आली तेव्हा अंगणात भात वाळत घातलेलं होतं. म्हणजे पावसाळ्यानंतर, म्हणजे नोव्हेंबरची बोट. पण भात उन्हाळी पिकाचंही वाळतं, आणि बातमी यायला किती महिने लागले कोणास ठाऊक. डिसेंबरच्या सुट्टीत मी मुंबईला जाणार आहे, ती वही मागून बघणार आहे. आंटींना तारखेत फारसा रस नव्हता. त्या सहीवर बोट ठेवून एकच विचारत होत्या, आडनावाच्या शेवटी 'एस' आहे की 'झेड'? कारण त्यांच्या घरात सगळे 'एस'ने लिहितात.